आवडती बिअर, चांगली बिअर आणि चौघांचा न मिटणारा वाद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघे मित्र आणि प्रत्येकाची आवडती बिअर वेगळी. तुम्हाला गव्हाची हेफेवायझेन आवडते, दुसरा आयपीएशिवाय (इंडिया पेल एल, हॉप्सने भरलेली कडू बिअर) कशाला बिअर म्हणायलाच तयार नाही, तिसरा फिकट सोनेरी पिल्सनरवाला, चौथा काळ्या स्टाउटवाला. गुण देऊन निकाल लावू म्हटलं की जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. त्यात तुम्ही रेटिंगच्या यादीत बरीच वर असलेली एक इम्पीरियल स्टाउट (म्हणजे जास्त अल्कोहोलची स्टाउट) आणून प्यायलात, ती अजिबात पसंत पडली नाही, आणि आता आपल्याच जिभेत काही खोट आहे का अशी शंका येतेय. जाता जाता ग्लासाने फरक पडतो का, हेही विचारलंय.

मी बिअर बनवण्याच्या कामात आहे आणि या कामाचा मोठा भाग चाखण्याचा असतो. पॅनेलसमोर नमुने ठेवायचे, त्यात काय आहे, काय नसायला हवं होतं ते शोधायचं. नवीन माणूस पॅनेलवर आला की पहिली सूचना हीच मिळते की ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ हे शब्द या खोलीत वापरायचे नाहीत. बिअर तिच्या प्रकाराला धरून नीट बनली आहे का, हा एक प्रश्न. ही विशिष्ट बाटली आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. ती मला प्यावीशी वाटते का, हा तिसरा. तुमच्या मैफलीत हे तिन्ही प्रश्न एकाच आकड्यात कोंबले जातात. त्यामुळे तुम्ही चौघे बोलता एकाच ग्लासाबद्दल, पण भांडता वेगवेगळ्या गोष्टींवरून.

आधी जिभेचं बघू. तुमच्या जिभेत खोट नाही. कडू चव ओळखणारे ग्राही माणसाच्या जिभेवर सुमारे २५ प्रकारचे असतात आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण पीटीसी नावाच्या रसायनाचं. ‘टीएएस२आर३८’ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना ते जहर कडू लागतं, दुसरा प्रकार असलेल्यांना जवळजवळ बेचव. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडूपणा वेगळ्या ग्राहींमार्फत कळतो, तेव्हा हा दाखला थेट बिअरला लावू नका. पण एकाच ग्लासातला कडूपणा दोघांना सारखा जाणवत असेलच असं गृहीत धरायला काही आधार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

वासाच्या बाबतीत तर तफावत याहून मोठी. डायअसेटिल नावाचं एक संयुग आहे, लोण्यासारखा वास येतो त्याला. पॅनेलवर एक जण त्याच्या अगदी पुसट खुणेनेही भुवया उंचावतो, आणि शेजारी बसलेला, वर्षानुवर्षं या धंद्यातला माणूस कित्येक पट जास्त प्रमाण असलं तरी ‘स्वच्छ आहे’ असं लिहून देतो. दोघेही खरंच सांगत असतात. म्हणून आम्ही प्रत्येकाचं नाक कशाला तीक्ष्ण आणि कशाला बोथट हे नोंदवून ठेवतो आणि त्या त्या दोषासाठी त्या त्या माणसाचं ऐकतो. तुमच्या चौघांतही असं असणार. पिल्सनरवाल्याला जे खटकतं ते तुम्हाला मुळात जाणवतच नसेल.

शिवाय सवय. कडू म्हणजे विषारी असू शकतं, हा शरीराचा जन्मजात अंदाज असतो, त्यामुळे कडूपणाची गोडी ही पिऊन पिऊन लागते. आयपीएवाल्या मित्राने ती कमावली आहे, तुम्ही नाही, किंवा अजून नाही. त्यात कमीपणा काही नाही आणि त्याच्या बाजूने मोठेपणाही काही नाही.

रेटिंगच्या याद्यांचा एक स्वभाव असतो, तो ओळखला की त्यांचा धाक वाटत नाही. तिथे जास्त अल्कोहोलच्या, गडद, हॉप्सने भरलेल्या आणि सहज न मिळणाऱ्या बिअर वर जातात. बेल्जियममधल्या सिंट-सिक्स्टस मठाची वेस्टव्लेटरेन १२ घ्या. १०.२ टक्के अल्कोहोल, उत्पादन मठाचा खर्च निघेल इतपतच, आणि यादीत कायम वरच्या जागी. बिअर उत्तम आहे, वादच नाही. पण तिच्या गुणांत दुर्मिळपणाचा वाटा नाही असं मी म्हणणार नाही. दुसरं म्हणजे, गुण देणारा बहुतेकदा थोडंसं पिऊन गुण देतो. पहिल्या दोन घोटांत दणका देणारी बिअर तिथे जिंकते. गप्पांच्या ओघात अर्धा लिटर कधी संपली ते कळलंच नाही अशी लॅगर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर; पिल्सनर त्यातलीच) त्या कसोटीवर मार खाते, आणि ती तशी बनवणं हे माझ्या मते आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. फिकट लॅगरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही, हॉप्सचा भडिमार नाही. यीस्टने जरा जरी गडबड केली की ती उघडी पडते.

आता प्रकारांकडे. तुमच्या हेफेवायझेनला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या एस्टरचा आणि लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही त्या बिअरचं खास यीस्ट तयार करतं. किण्वनाचं तापमान बदलून ब्रूअर दोन्हींचा तोल सांभाळतो. हे वास नसतील तर ती हेफेवायझेन फसली असं मी लिहीन. आणि हाच लवंगेचा वास मला पिल्सनरमध्ये मिळाला, तर भलतंच यीस्ट कुठून घुसलं ते शोधायला माणूस पाठवीन. तेव्हा पिल्सनरवाला मित्र तुमच्या ग्लासाकडे बघून नाक मुरडतो ते उगाच नाही. फक्त तो तुमची बिअर त्याच्या बिअरच्या मापाने मोजतोय.

ही मापं वेगवेगळी का झाली याचं निम्मं उत्तर पाण्यात आहे. बोहेमियातल्या पिल्झेन शहरात १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने फिकट सोनेरी लॅगर काढली. तिथलं पाणी कमालीचं मृदू. त्यात साझ हॉप्सचा कडूपणा भरपूर असूनही तो जिभेला ओरखडत नाही. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात सल्फेट मुबलक, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि धारदार होतो. पेल एलचं आणि पुढे आयपीएचं नाव त्या गावाशी जोडलं गेलं ते यामुळे. डब्लिनचं पाणी कार्बोनेटने जड, आणि भाजलेल्या धान्याचा आंबटपणा ते जडपण झेलतो, म्हणून तिथे स्टाउट जमली. म्हणजे तुमच्या तीन मित्रांची बाजू तीन गावांच्या पाण्याने आधीच मांडून ठेवली आहे. पिल्सनर श्रेष्ठ की स्टाउट, या प्रश्नाला उत्तर नाही. ही पिल्सनर त्या पिल्सनरपेक्षा सरस आहे का, याला आहे.

इथेच आकड्यांचा एक गैरसमज दूर करतो, कारण वादात आकडे फार फेकले जातात. आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप. ढोबळमानाने एका लिटरमध्ये हॉप्सच्या कडू आम्लांचे किती मिलिग्रॅम आहेत ते. ४० आयबीयूची पिल्सनर चांगली कडू लागते आणि ६० आयबीयूची इम्पीरियल स्टाउट गोडसर वाटू शकते, कारण तिथे उरलेली साखर आणि अल्कोहोल कडूपणाला झाकतात. रंगावरूनही काही ठरत नाही. गिनेस ड्राफ्ट काळीभोर आणि अल्कोहोल ४.२ टक्के, डुव्हेल सोनेरी, पाहायला हलकी, आणि ८.५ टक्के. ‘काळी म्हणजे जड’ असं म्हणणाऱ्याला हे दोन ग्लास शेजारी ठेवून दाखवावेत. गिनेसचा मऊपणा येतो तो नायट्रोजनमुळे. त्याचे बुडबुडे बारीक, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असल्यामुळे जिभेला चावाही कमी. हेफेवायझेनमध्ये उलट, गॅस भरपूर, म्हणून ती ताजीतवानी वाटते.

तुम्हाला ती स्टाउट का आवडली नसावी, याचा माझा अंदाज तापमानाचा आहे. तुम्ही लिहिलंय की फ्रीजमधून काढली आणि ओतली. म्हणजे ३-४ डिग्रीला. इतक्या थंडीत वास बाहेरच येत नाही आणि माल्टची गोडी दबते. उरतो तो भाजल्याचा करपट कडूपणा आणि घशातली अल्कोहोलची धग. लॅगरला ४ ते ७ डिग्री ठीक, आयपीएला ७ ते १० च्या आसपास, आणि इम्पीरियल स्टाउटला १२ ते १४. एक प्रयोग करा. पुढच्या वेळी तीच स्टाउट अर्धी ग्लासात ओता, पहिला घोट लगेच घ्या, मग ग्लास तसाच ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एक घोट. आधी नुसता कडवट धूर, मग कॉफी, मग कोको, मग मनुक्यासारखं काहीतरी वर येऊ लागतं. अर्ध्या-पाऊण तासाने बिअर तीच असते, पण पहिल्या घोटाला दिलेला गुण तुम्हाला बहुतेक खोडावा लागेल. तेव्हाही नाही आवडली, तर मग ती तुमची बिअर नाही. विषय संपला.

तापमानाच्या जोडीला वय. हॉप्सचा ताजा वास ही फार नाजूक चीज आहे; आयपीए काही आठवड्यांतच उतरू लागते. धंद्यात एक ढोबळ नियम सांगतात: ३२ डिग्रीला ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढं २२ डिग्रीला ३० दिवसांत आणि ३ डिग्रीला ३०० दिवसांत होतं. नियम काटेकोर नाही, पण दिशा बरोबर आहे. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये काही दिवस काढलेली आयपीए तुमच्या मित्राने प्यायली आणि ताजी हेफेवायझेन तुम्ही प्यायलात, तर त्या दिवशीच्या निकालाला काडीचाही अर्थ नाही. शिळ्या फिकट बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. एकदा ओळखला की मग तो जागोजागी सापडतो, हा या ज्ञानाचा तोटा.

प्रकाश हा आणखी एक शत्रू. हॉप्समधली कडू आम्लं उजेडात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग बनतं, ज्याची अब्जांशांच्या हिशेबातली मात्रासुद्धा नाकाला कळते. वास उग्र, जंगली जनावराच्या अंगाला येतो तसा. पारदर्शक ग्लास उन्हात धरला तर काही मिनिटांत तो येतो. तपकिरी बाटली पुष्कळ वाचवते, हिरवी फारच कमी, कॅन पूर्ण. गंमत अशी की काही लोक हिरव्या बाटलीतली बिअर वर्षानुवर्षं पीत आलेले असतात आणि त्यांना तीच चव अस्सल वाटते. त्यांना ताज्या कॅनमधली तीच बिअर द्या, म्हणतात, ‘ही नकली आहे.’ माझ्या वहीत तो दोष आहे, त्यांच्या लेखी तीच ओळख. आवड आणि दर्जा वेगवेगळे ठेवा म्हणतो ते यासाठी.

आता लेबल. हा मुद्दा मित्रांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण, कारण प्रत्येकाला वाटतं आपण त्याला बळी पडत नाही. अमेरिकेत अॅलिसन आणि उल या दोघांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेहमीच्या बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या आणि मग त्याच बिअर लेबलसकट. लेबल नसताना बहुतेकांना आपला ब्रँड वेगळा ओळखता आला नाही आणि गुणांत फारसा फरक पडला नाही. लेबल दिसताच आपापल्या ब्रँडचे गुण वाढले. २००६ च्या एका प्रयोगात तर बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकले होते. न सांगता दिली तर बऱ्याच जणांना ती साध्या बिअरपेक्षा आवडली. पिण्याआधी सांगितलं तर नावडली. पिऊन झाल्यावर सांगितलं, तर मत फारसं बदललं नाही. म्हणजे माहिती चवीच्या आधी पोचली की ती चवच बदलते. यात ढोंग नाही. त्यांना खरोखर तसंच लागतं.

मग तुम्ही काय करावं? दोन वेगवेगळ्या संध्याकाळी दोन वेगवेगळी कामं करा.

पहिल्या संध्याकाळी फरक ओळखण्याची परीक्षा. एकाच प्रकारातल्या दोन बिअर घ्या, समजा दोन पिल्सनर, दोन्हींची तारीख ताजी. प्रत्येकासमोर तीन ग्लास: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचं, बस. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात आणि ब्रूअरीत ती रोजची आहे. ओतणारा वेगळा असावा आणि त्याने खोलीबाहेर ओतावं, कारण ओतणाऱ्याचा चेहरा बोलतो. ग्लासांवर ‘अ’ आणि ‘ब’ किंवा १ आणि २ लिहू नका. माणूस नकळत पहिल्याला झुकतं माप देतो. ७४२, ३१९ असे कसलाही अर्थ नसलेले तीन आकडी क्रमांक टाका. कोणाच्या ताटात वेगळा ग्लास पहिला, कोणाच्या मधला, असा क्रम बदला. दोन्हींचा रंग वेगळा असेल तर अपारदर्शक कप वापरा. प्रत्येक कपात ५० मिली पुरे.

निकाल वाचताना थोडं गणित लागेल. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. चौघांपैकी तिघे बरोबर आले म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका; निव्वळ नशिबाने तीन किंवा चार बरोबर येण्याची शक्यता नऊमध्ये एक आहे. चौघेही बरोबर आले तर मात्र ८१ त एक, मग खुशाल माना की फरक खरा आहे. थोडक्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावं, हा प्रश्न मुळात ब्रूअरीतल्या माणसाला पडला होता. आज जगभर वापरली जाणारी टी-चाचणी विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली, आणि ते गिनेसच्या नोकरीत होते.

दुसऱ्या संध्याकाळी आवड. चार वेगळ्या प्रकारांच्या बिअर, पुन्हा नाव झाकून. प्रकार तर वासाने आणि रंगानेच ओळखू येईल, ते चालेल. ब्रँड कळता कामा नये. इथे क्रम फार महत्त्वाचा. हलकीकडून भारीकडे: पिल्सनर, हेफेवायझेन, आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीएनंतर पिल्सनर प्यायलात तर ती पाणी लागेल, आणि दोष पिल्सनरचा नसेल. मध्ये साधं पाणी प्या. नाक थकलं, सगळ्याला एकच वास येऊ लागला, तर आपल्याच बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्या. आमच्या खोलीत सगळे हेच करतात, नवख्याला ते विचित्र दिसतं. आणि घोट गिळा. बिअरचा कडूपणा जिभेच्या मागे आणि घशात रेंगाळतो, वासाचा मोठा भागही गिळल्यानंतर मागून नाकात चढतो, त्यामुळे वाइनसारखं थुंकून टाकलं तर अर्धी बिअर कळतच नाही. म्हणूनच घोट लहान हवेत आणि परत जाताना गाडी कोणी चालवायची नाही.

त्या दिवशी गुण देऊ नका, वाक्य लिहा. ‘१० पैकी ७’ यातून काही कळत नाही. ‘सुरुवात गोड, मग कोरडी, शेवटी कडूपणा लांबतो, दुसरा ग्लास नको’ यातून खूप कळतं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. एकाने ‘केळं’ म्हटलं की चौघांनाही केळंच लागतं. महिनाभराने त्याच बिअर पुन्हा झाकून घ्या आणि जुन्या कागदांशी ताडून बघा. ज्याचं वाक्य दोन्ही वेळा जुळलं, त्याच्या मताला मी वजन देईन, मग त्याची आवडती बिअर कोणतीही असो.

मी कोणाच्या बाजूने, असं थेट विचारलंत म्हणून थेट सांगतो. कामावरून सुटल्यावर मी पिल्सनर पितो. आयपीएचा आदर करतो, पण दुसरा ग्लास क्वचितच घेतो. हेफेवायझेन मला आवडते, फक्त ती ताजी हवी आणि बाटलीच्या तळाचं यीस्ट हलवून वर ओतलेलं हवं. हे माझं मत पॅनेलच्या कागदावर कधीच येत नाही.

ग्लासाचं म्हणाल तर आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. वर थोडा निमुळता होणारा कुठलाही ग्लास वास धरून ठेवतो, तेवढं पुरे. पण तेलाचा किंवा साबणाचा पुसट थर राहिला असेल तर फेस बसतो आणि काचेला आतून बुडबुडे चिकटून राहतात. असं दिसलं की तो ग्लास बाजूला ठेवा. ओतण्याआधी थंड पाण्याने नुसता विसळून घ्या, पुसू नका. फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास वापरू नका. कडेचा बर्फ वितळून बिअरमध्ये उतरतो, फेस बेसुमार येतो आणि जो वास शोधायला तुम्ही एवढा खटाटोप केला तोच गायब होतो.